दोन-सहा

बोरीचा बाजार उठला की जैतूनबी मनियार
शेवटच्या काळीपिवळीने जिंतूरला उतरते.
चुड्यांची पेटी डोक्यावर, तशीच दुकानात शिरते
आणि फोन काउंटरवर पालथा ठेवते,
नाडी न लागणाऱ्या हातासारखा.
"पोरी, तू पाच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं. पावतीवर माझंच अक्षर आहे.
खोक्यावर पाच, पाठीवर पाच,
जाहिरातीत तर पाच आभाळातून उतरत होता.
पडद्याच्या कोपऱ्यात मात्र चार,
आणि तिच्या गावच्या उतारावर चारही जातो,
नुसता एक ई उरतो,
मोडक्या कंगव्यासारखा.

"पैशे पाचाचे घेतले, दावायलंय चार.
मधला एक कोन खायलाय?"

मी सांगायला लागले.
फोन पाचचा आहे, टॉवर चारचा आहे,
सिम चालतं, पण रिचार्ज त्यातला नाही,
आणि बँड म्हणून एक असतो...
"लग्नातला?"
नाही, तो वेगळा.
"आन् पोराच्या रूमवर वायफायला पाच जी लिव्हलंय, त्यो?"
तो पाच तर आणखीच वेगळा. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.
"म्हंजे आडनाव एक, भावकी न्हाई."
हो.
इतकं नीट मला ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर
निमो नऊ, नऊ एस, नऊ प्रो, नऊ प्रो प्लस,
नऊ लाइट, जो सगळ्यांत जड आहे.
नुसता नऊसुद्धा दोनदा: एक चारचा, एक पाचचा.
एकाच आईने एकच नाव ठेवलेली जुळी,
फरक काय तो खोक्याच्या बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरात.
कंपनीचा माणूस परभणीहून आला होता, म्हणाला,
जी म्हणजे जनरेशन. पिढी.
मालक मुंजाजीभाऊ म्हणाले,
माझ्याबी नावात शेवटी जी हाय, ही कितवी?
सगळे हसले. मीही हसले.
मग टार्गेटचे कागद वाटले.

"फोटूच बघायचे असत्यात गं मला," जैतूनबी म्हणाली.
हैदराबादचा व्यापारी नवीन माल पाठवतो फोनवर,
आणि पडद्यावर एकच बांगडी फिरत राहते,
फिरत राहते,
कुणाच्याच हातात जात नाही.
मागच्या ईदीला तिने अंदाजाने लाल सांगितला,
राणी आला. अजून पेटीत आहे.

तिने पेटी उघडली.
"हे बघ. दोन-दोन. दोन-चार. दोन-सहा. दोन-आठ.
माझी सास हेच म्हनायची, व्यापारीबी हेच म्हनतो.
दोन-चारची चुडी मी दोन-सहाच्या हातात
प्रो म्हनून चढवू का?
काच फुटंल. रगत येईल.
बाई पुन्हा हात देईल का माझ्याकडं?"

मी गप्प. फोटो बघायला चारचा पुरला असता.
दोघांत तीन हजारांचा फरक,
त्यातले दोनशे माझे.

तिने माझा हात ओढून घेतला,
अंगठ्याच्या मुळाशी हाड दाबून पाहिलं, एकदाच.
"दोन-सहा."
बरोबर होतं.
तीन वर्षं मी ह्या काउंटरवर उभी आहे,
कुणाला काय बसतं हे मी असं कधी दाबून पाहिलं नाही.

ती गेली. फोन घेऊनच गेली, बदलून देता येत नव्हता.

शटर अर्धं पडल्यावर
मी भिंतीवरची खोकी एकेक करून उलटी केली,
बुडं पुढे, मुंगीची अक्षरं गिऱ्हाइकाकडे.
भाऊ गल्ला मोजत होते, मान वर केली.
"काय करायलीस गं?"
"माप लावायले," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
उद्या सकाळी ते सगळी परत सरळ करतील.
स्टूल त्यांच्या गुडघ्याला झेपत नाही, पण करतील.