गाठ

त्रेचाळीस दिवसांनी बोफांडो कॅमेरे काढून आणतो
झाडांच्या बुंध्यांवरून, अंगावरच्या मधमाश्या झटकत.
कार्डं मी शर्टाच्या टोकाने पुसते.
लोमेला नदीकाठच्या आमच्या तळावर
जनरेटर तासभरच चालतो,
तेवढ्यात जंगल बघून घ्यायचं.

गळणारं पान. पुन्हा तेच पान.
बुटक्या हरणाचं ढुंगण.
पाऊस, एकशे बारा वेळा.
बोफांडोचे स्वतःचे गुडघे.
भिंगावरून जाणारी मुंगी, म्हशीएवढी.

पिसारा शोधू नका.
काँगोतल्या ह्या मोराला तो नसतोच.
आखूड शेपूट, गळ्याशी उघडी लाल कातडी,
डोक्यावर पांढरे राठ केस,
म्हाताऱ्याच्या कानातून येतात तसे.
इतक्या दाटीत नाचणार कुठे,
आणि बघायला कोण येणार?
रात्री मात्र उंच फांदीवरून दोघं ओरडतात,
अर्धं तो, उरलेलं ती,
दोघांनी मिळून करवत ओढावी तसं.
तो आवाज बोफांडो झोपेतही ओळखतो.
दिसणं वेगळं.

चौकट एकोणीसशे चौदा. सकाळचे सहा सतरा.
लांडोर: तांबूस, पाठ हिरवी, ओली.
मागे तो.
मधे एक पिल्लू, एक पाय उचललेला,
टाकावा की नाही असा.

मी किंचाळलेच. मामा बोलुंबू
हातातल्या पळीसकट धावत आली.
बोफांडो हसला नाही.
त्याचं बोट पक्ष्यांवर नव्हतं,
खाली कोपऱ्यात होतं:
वाकवलेलं रोपटं, सायकलच्या ब्रेकची तार,
आणि फास, पिल्लापासून वीतभर.

"डावखुऱ्याची गाठ आहे," तो म्हणाला,
आणि मग काहीच म्हणाला नाही.
गावात डावखुरे असून असून किती असणार?
एक त्याच्याच घरात जेवतो. इलोंगा. सोळा वर्षांचा.

जनरेटर बंद पडला. मोर विझले.

पहाटे बोफांडोची चटई गुंडाळलेली.
तिसऱ्या दिवशी आला, मांड्यांपर्यंत चिखल,
मागे पाच पावलांवर तो पोरगा.
दोघांत एक शब्द नाही.

आता चुलीवर किटली लटकते
ती सायकलच्या तारेला.
आणि नवा कॅमेरा बुंध्याला बांधतो इलोंगा,
डाव्या हाताने, जीभ दातांत धरून.
मी त्याला काही विचारत नाही.
बोफांडो मागून येतो,
पट्टा एकदा ओढून बघतो,
गाठ बसलीय का.