पाणी लहान होत नाही

फैजपुरात, यावल रस्त्याला
नजीर तडवींच्या लेथवर मी ड्रॉइंग नेलं:
पाच हॉर्सपॉवरचा विहिरीवरचा पंप
त्याच प्रमाणात आवळत आवळत
अंगठ्याच्या नखाएवढा केलेला.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कोनाले पाजशीन यानं पानी? मुंगीले?"
"केळीला," म्हटलं. "बाटलीतल्या.
प्रयोगशाळेत बोटाएवढी रोपं असतात,
त्यांना औषध थेंबाथेंबाने द्यायचं."

कातला त्यांनी. तीन दिवस.
पितळेची पंखी घड्याळाच्या चिमट्याने बसवली.
एप्रिल संपत आलेला, पारा पंचेचाळीस,
शटर निम्मं ओढलेलं.
मोटर गुणगुणली,
नळीच्या तोंडाशी एक थेंब आला, फुगला
आणि तिथेच थांबला,
काहीतरी आठवल्यासारखा.

मी मोजलं.
रुपयातले चार पैसे पाण्याच्या हाती,
बाकीचे मोटर तापवण्यात.

चाचांनी पंखी आणि कवचामध्ये पातळ पत्ती घातली.
"मोठ्या पंपात ही फट म्हंजे केस.
याच्यात? याच्यात दरवाजा.
पानी पुढून जाते, मांगून घरी येते."

आणि पाणीसुद्धा ते नव्हतं.
सहा इंची पाइपातून उधळत, भोवरे घालत
बागेत घुसतं, ते
इथे भिंतीला धरून, थरावर थर,
कुणी कुणात न मिसळता.
काकवीची चाल आली होती त्याला.
सगळं निम्मं केलं मी, मग निम्म्याचं निम्मं,
पाण्याला कुणी सांगितलंच नाही.
चिकटपणा होता तेवढाच राहिला.
भिंती तेवढ्या जवळ आल्या.

दारात चाचांचा नातू सोहेल
पेप्सीची नळी चोखत बसलेला,
खालून अंगठा वर सरकवत
शेवटचा लाल बर्फ तोंडाशी आणत.
चाचा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.
लेथ बंद केला.
"फिरवू नको वो त्याले," म्हणाले, "दाब."

मग मऊ नळी, तिच्यावर तीन रूळ,
एक सुटायच्या आत दुसरा दाबणारा.
मागे जायला वाटच नाही.
मिनिटाला चार थेंब. चारच, पण चार म्हणजे चार.
वीज अजूनही बरीचशी वायाच जाते,
रुपयातले अकरा पैसे, फार तर बारा.

बिलावर चाचांनी लिहिलं: पंप, नग एक.
पुढे "लहान" लिहिलं,
थोडं थांबले,
आणि खोडलं.