उटी

चोडणच्या धक्क्यावर गाडी उलटी चढवायची असते फेरीत.
पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा उमटतात.
शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
"मॅडम, रेघांवर विश्वास ठेवा, मान वळवू नका."
मी वळवतेच. बत्तीस वर्षांची सवय,
मानेला काय माहीत सेन्सर म्हणजे काय.

मार्चमध्ये एक पिवळा दिवा लागला,
टायरच्या आकाराचा, मधोमध उद्गारचिन्ह.
मिंगेल मेस्तनं चारी चाकांना लाथ मारून पाहिली.
"कितें ना गो बाय, लायट पिशी जाल्या."
मला तेच ऐकायचं होतं.
आठव्या दिवशी मेरशीच्या वळणावर मागचं चाक बसलं,
आत बोटाएवढा खिळा, कुठल्याशा होडीच्या फळीतला.
मी रस्त्याकडेला उभी, आणि दिवा तसाच,
न रागावता, "सांगितलं होतं ना" न म्हणता.
त्या शांतपणाची थोडी भीतीच वाटली.

तरी हँडब्रेक नाही, हे काही पचत नाही.
जुन्या गाडीत ओढला की
कर्र कर्र कर्र,
किती दात धरले ते तळहाताला कळायचं.
आता बटण. नखानं दाबायचं.
मागे कुठेतरी घुर्र होतं
आणि एक तांबडं अक्षर सांगतं, धरली आहे.
कोणी धरली? कशानं?
इथला खारा वारा सहा महिन्यांत दाराची कडी खातो,
आणि ही गाडी म्हणे केसाएवढ्या तारेवर उभी.

आज मागे येत होते तर पडदा लाल झाला, गाडी किंचाळली:
मागे अडथळा.
अडथळा म्हणजे फेरीवरचा विश्राम,
हाफ पँट, हातात लाकडाची उटी,
वाकून माझ्या चाकाची वाट पाहत असलेला.
थांबले. बटण दाबलं. घुर्र.
काच खाली करून म्हटलं, "विश्रामबाब, ही आपोआप धरते."
"धरता आसतली," तो म्हणाला,
आणि उटी टाचेनं ठोकून बसवली. दोनदा.

मांडवीला भरती. मध्यावर फेरी जराशी कलली.
लाकूड कुरकुरलं.
तांबडं अक्षर पापणी न हलवता जळत राहिलं.
दोघांतलं कोण धरून होतं, मला सांगता येणार नाही.

आणि फेरीचं इंजिन तर मी अजून पाहिलेलंच नाही,
बत्तीस वर्षांत एकदाही.