बारा नंबर

जिंतूरला रऊफभाईच्या दुकानात
गळ टांगलेले असतात कुलपांच्या आणि उंदराच्या पिंजऱ्यांच्या मधे,
पिवळ्या कागदात, दहाचा एक पुडा.
गणित उलटं: नंबर वाढत जातो
तसा गळ बारीक होत जातो.
मी ब्लाउज शिवणारी बाई. मला यात नवल नाही,
हातसुईचंही असंच असतं.

मुंजामामा कायम बारा नंबर सांगायचा.
"पातळ तारेचा आण. जाड तारेनं गांडूळ मरतंय,
आन् मेलेलं गांडूळ चिलापी नुस्तं हुंगून सोडतीय.
दांडी आखूड, पोट रुंद.
टोक नखावर टेकवून बघ. घसरलं तर वापस दे,
रुतलं तर पैसे दे."
माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर
त्या दुकानातल्या निम्म्या मालाचे ओरखडे आहेत.

येलदरीच्या काठावर बाकीचे गळ तळाला सोडतात.
मामा शिसं तळाला सोडतो
आणि गळ त्याच्या वर वीतभर, अधांतरी.
गाळात शिसं बसतं. बसू दे.
तंगूस ताणून मनगट जरासंच हलवायचं,
शिसं जागचं हलत नाही,
गांडूळ तेवढं
जागच्या जागी नाचत राहतं.

यंदा माघात मामा सहा नंबर मागायला लागला.
मग चार.
मला वाटलं, मोठ्या मरळीच्या मागं लागलाय.
रऊफभाई हसले, "मामू मगर पकड रे क्या?"
चिलाप्या त्या जाड गळाला तोंड लावून माघारी जात होत्या,
मामा रोज रिकामी थैली
धुऊन वाळत घालत होता.

एका सकाळी भाकरी घेऊन गेले,
तर मामा काठावर उभा,
चार नंबरचा गळ आभाळाकडं धरलेला.
तंगुसाचं टोक थुंकीनं ओलं करायचा,
दुहेरी करायचा, नेम धरायचा.
अलीकडून गेलं.
पलीकडून गेलं.
एकदा गळच शिरला बोटात.
त्यानं तो काढला, धोतराला बोट पुसलं
आणि कुणी बघितलं का म्हणून मागं वळला.
मी बाभळीच्या आड
भाकरी गार होईपर्यंत उभी.

म्हणजे तार नाही, टोक नाही, पोट नाही,
मासा तर नाहीच.
मामा नेढं निवडत होता.

आणि हे मला कळायला चैत्र उजाडावा लागला,
मला, जिच्या दारात गल्लीतल्या म्हाताऱ्या
सुई ओवून घ्यायला येतात.

बारा नंबरचे दोन पुडे आणले.
रात्री मशीनच्या दिव्याखाली बसले:
तंगूस दुहेरी, नेढ्यातून आरपार, सैल गाठ,
मग सबंध गळ त्या फासातून काढायचा,
थुंकी लावायची, ओढायचं.
टोक वर बघत असलं तर जमलं.
खाली बघत असलं तर उसवायचं.
सहा उसवले. चौदा जमले.
तुटक्या चपलेच्या तळव्याला गुंडाळून ठेवले.

"आता बांधूनच मिळायलेत, मामा.
औरंगाबादहून येतात."

मामानं एक गाठ अंगठ्यानं चाचपली.
दुसरी चाचपली.
"औरंगाबादेत समदे डावखुरेच हायेत का?"

मी भाकरीचं फडकं सोडायला लागले.
ते आधीच सुटलेलं होतं.

मामानं गांडूळ नाकातून ओवलं,
त्याला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.
शिसं फेकलं. पाण्यानं एकदाच डुबुक केलं.
कितीतरी वेळ काहीच नाही,
पलीकडच्या काठावर कुणाची तरी म्हैस,
मामाचं मनगट,
तंगुसावर उन्हाचा एक ठिपका वरखाली.

मग पाण्यावरची नजर न काढता म्हणाला,
"त्या औरंगाबादवाल्याला सांग,
गाठ झ्याक हाय.
शिसं तेवढं
बोटभर खाली बांधत जा म्हणावं."