डावी कड

नवी चकती आली आहे.
पुठ्ठ्यावर लिहिलंय: मूळ निगेटिव्हवरून,
एकेक चौकट धुऊन, पुसून, डाग काढून.
खरं आहे. काळा आता काळा दिसतो;
आमच्या कॅसेटीत तो वांग्यासारखा होता
आणि समुद्र कढईत तळल्यासारखा वाजायचा.

आमची कॅसेट म्हणजे कवडू मेश्रामची.
धरणावरचा एक इंजिनिअर बदली होऊन गेला
तेव्हा खोक्यात राहिलेली, कॉपीची कॉपी.
लाखांदूरच्या अलीकडे, राईस मिलच्या मागे,
कोंड्याच्या पोत्यांवर बसून आम्ही ती पाहिली
दीड रुपयात, अठ्ठ्याऐंशी साली,
जनरेटरचा धूर नाकात घेत.
खालच्या अक्षरांची नुसती डोकी दिसायची,
आणि ती वाचणारं तसंही कोणी नव्हतं.
म्हणून कवडू टीव्हीशेजारी उभा राहून सांगायचा:
हे बाई मास्तरीन होय. हा बोटीवरचा.
आता भांडन होते, पाहा.

चुंबनाच्या जागी फीत इतकी मागेपुढे झालेली
की तिथं फक्त रेघा उरल्या होत्या,
वाऱ्यात लोंब्या हलाव्यात तशा.
आम्ही रेघांनाच शिट्ट्या मारायचो.

शेवटी ती धक्क्यावर उभी राहून बोलते.
एकटी. बराच वेळ.
कवडू आवाज खाली आणायचा:
"तो मेला ना गा. बोट बुडली.
हे त्याच्यासंगं बोलून रायली."
बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचा आवाज.
पंचफुला दुसऱ्या खेळालाही थांबायची,
पैसे पदराच्या गाठीत.
तिचा नवरा कामठीला विड्यांच्या कामाला गेला
त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

नव्या चकतीत चित्र रुंद आहे.
दोन्ही बाजूंना वीतभर जास्तीचं,
टीव्हीच्या चौकोनात बसवताना जे कोणीतरी कापलं होतं.
आणि डावीकडे, तिच्यापासून चार पावलांवर,
तो उभा आहे.
कोट कोरडा.
तिचं बोलणं संपायची वाट बघतोय,
मध्येच बुटाच्या टाचेनं काहीतरी घासतो.
मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.
तिच्या स्वेटरच्या कोपरावर रफू आहे, तेही दिसलं.

दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन कवडूकडे गेलो.
मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं राहिलंय.
खाट अंगणात, शेजारी मळणी चालू,
पडद्यावर तूस येऊन बसत होतं.
त्यानं डावा डोळा मिटून पाहिलं.
मी बोट ठेवलं: हा पाहा, हा इथंच होता.

"होता ना," कवडू म्हणाला.
"बोटं दिसत होती तवाही. एक डाव. कडेले.
मी तं दररोज पाहो."
मग?
"मंग का? मेला म्हटलं तं बाईले रडता येते.
इथंच उभा आहे अन् बोलत नाही म्हटलं,
तं तिनं का करावं?"

मळणीयंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.
"अन् त्या रेघा कोनं काढल्या?"
रोज रात्री तो स्पिरिटात बुडवलेल्या
बनियनच्या चिंधीनं हेड पुसायचा.
त्याला वाटलं असेल, हेही कोणीतरी तसंच केलं.

परत येताना मामा तलावाच्या पाळीवर
पंचफुला शिंगाडे घेऊन बसली होती.
"पिशवीत का आहे गा?"
सिनेमाची चकती.
"आता कोन पाहते चकत्या," म्हणाली,
आणि अर्ध्या किलोवर मूठभर जास्त टाकले,
ओलेच, तिच्यावर.
कोणता सिनेमा, ते तिनं विचारलं नाही.

पुढच्या वळणावर गाडी उभी केली.
पुठ्ठा भिजला होता.
चकती शर्टाला पुसली, उन्हाकडे धरली,
मग पुन्हा पुसली.