चुना

दिवाडीच्या फेरीत, उभ्यानंच,
माक ओक-जू बाईंनी पिशवीतून एक घडी उलगडली:
काळाभोर ठसा, त्यात पांढरी अक्षरं.
यालू नदीपल्याड शिळा आहे, म्हणाल्या,
तीन माणसं खांद्यावर खांदा चढली तरी
माथ्याला हात पोचत नाही.
कोगुर्योच्या राजाची. पोरानं बापासाठी उभारलेली.
राजा आमचा, त्या म्हणाल्या. राजा आमचा, चीन म्हणतो.
अक्षरं चिनी, जमीन आज चीनची,
आणि खरं भांडण जपानशी, एका ओळीवरून.

वा लोक आले, समुद्र ओलांडून पेक्चे मोडलं,
(इथं दगड खपल्यागत उडालाय)
सिल्ला मोडलं, प्रजा केली.

कुणी मोडलं?
जपानी वाचतात: जे आले त्यांनीच.
आम्ही वाचतो: ते आले, म्हणून आमचा राजा
समुद्र ओलांडून गेला.
तुमच्या भाषेत चालतं असं, कर्त्यावाचून?

चालतं की. जेवले. निजले. मारलं.
घरचं माणूस असलं की नाव कोण घेतं?
आणि गोव्यात समुद्रातून ‘आले’ म्हटलं
तर कोण, हे शेंबडं पोरही विचारत नाही.

त्या हसल्या नाहीत.
शेवाळ काढायला लोकांनी शिळेवर शेण थापून पेटवलं,
शिळा तडकली.
मग ठसे विकणाऱ्यांनी चुना लावला,
अक्षर उठून दिसावं म्हणून.

चुना लावला!
मीच हसलो एकटा. का, ते सांगितलं नाही.

पावणेतीनशे वर्षांनी पेक्चे खरंच बुडालं.
तांगांचं आरमार, सिल्लाची फौज;
मदतीला आलेल्या यामातोच्या होड्या
नदीच्या मुखाशी जळाल्या, शेकड्यांनी.
उरलेसुरले, पोरंबाळं घेऊन, समुद्र ओलांडून गेले.
तिथं कोण गेलं यावर वाद नाही.
हरलेल्यांचा कर्ता कधी हरवत नाही.

आमचा दगड मानशीजवळ, खारफुटीत, कमरेएवढा.
खाली गाढवाचा शाप कोरलेला,
वर दानाची ओळ: खाजन शेत, ‘_ल तीरीचें’.
एक अक्षर गेलेलं.
ऐल की पैल, यावर दोन गावं कोर्टात,
चौऱ्याहत्तर साल, मी उपासो मास्तरांचा हरकाम्या,
मास्तर तापानं फणफणलेले,
आणि पैलतीरावर माझी मावशी नांदत होती.
बांबूची काडी, ओला चुना, पानवाल्याचाच.
दोन रेघा, वर दोन मात्रा.
ठसा असा लख्ख उठला की
जज्जानं चष्मासुद्धा लावला नाही.

आज कागद भिजवला, दगडावर चढवला,
ब्रशनं ठोकत गेलो, शाईची पुरचुंडी फिरवली.
खेकडे बिळांतून बघत होते.
पन्नास पावसांनी सगळं धुऊन नेलेलं.
‘ल’च्या आधी पुन्हा तेच पांढरं भोक.

बाईंनी त्यात बोट ठेवलं. इथं काय होतं?

मानशीची फळी उघडी होती,
भरतीचं पाणी आत शिरताना
एकाच आवाजात दोन्ही बांधांना लागत होतं.
ठसा सुकेपर्यंत मी बोललो नाही.

मग समासात तारीख घातली. गाव घातलं.
उंची, रुंदी, दगडाची जात.
ठसा कुणी घेतला,
ती रेघ तेवढी मोकळी ठेवली.