चौथा कप्पा

रात्रीचे पावणेदोन. साखर पेठेत
भिंती अजून तापलेल्या, गच्च्यांवर माणसं कूस बदलतायत,
आणि इथे, रक्तपेढीच्या मागच्या खोलीत, अठरा अंश.
शिरीन बागवान चादर पांघरून आली.
दारातच म्हटलं, ती बाहेर ठेव.
तंतू सुटतात, पंखे ओढून घेतात.
सोलापुरात चादरीला बंदी असलेली
ही एकच खोली असेल.
हसली. घडी घातली. मनगटाला पट्टा बांधला,
त्याची तार रॅकच्या लोखंडाला.

आठ डिस्क. एक आजारी.
पडद्यावर तिचं नाव: कप्पा चार.
कप्प्यावरचा पिवळा दिवा मात्र गेल्या वर्षीच गेलाय,
खूण ज्याने करायची तोच मुका.
आणि मशीन बंद करायचं नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी आत्ता
ओ निगेटिव्ह शोधतंय.

जुन्या डिस्क बऱ्या होत्या.
इंचभर ओढून थांबायचं,
आतली चकती भोवऱ्यासारखी मंदावत जायची,
तळहाताला कळायचं, निजली.
ह्यांच्यात काही फिरत नाही, काही वाजत नाही.
चालती काय, गेलेली काय,
वजन तेवढंच.

नायना म्हणायचे, धागा तुटला की
आधी माग थांबव, मग हात घाल.
साडेनऊ बोटांचा माणूस सांगायचा हे.
मी पगार घेतो तो
न थांबवण्याचा.

आधी तिला इतरांतून सोडवली. हुकूम दिला,
उत्तराची वाट पाहिली, उत्तर आलं: वेगळी झाली.
मग चौथ्याच्या खटक्यावर अंगठा ठेवला.

"सर, थांबा. तो बोलतोय."

अंगठ्याखाली हिरवा ठिपका लुकलुकत होता.
शिरीनने मुद्दामच सगळ्यांना वाचायला बसवलेलं;
सात कप्पे बडबडत होते,
एकच गप्प. माझ्या अंगठ्याच्या शेजारचा.
"शून्यापासून मोजा ना."

शून्य, एक, दोन, तीन.
चार.

सोळा वर्षं हेच काम करतोय.
एक गेलेली चालते. दुसरी गेली की
रक्तदात्यांची सगळी नावं गेली,
आणि दुसरी माझ्याच हातून जात होती.
अंगठा उचलला, खटका पोळत असल्यासारखा.

"तूच काढ," म्हटलं.
तिने काढली, उलटी केली, लेबल वाचलं:
शेवटची चार अक्षरं. मी पडद्यावरून तीच परत म्हटली.
पुन्हा एकदा ती, पुन्हा मी.
नवी आत सरकली, खट्.
बराच वेळ काही नाही.
मग एक टक्का.

वर फोन वाजला, कुणीतरी उचलला,
पिशवीचा नंबर सांगितला. त्यांना काही कळलं नव्हतं.

तीन वाजता नऊ टक्के.
शिरीनने खिशातून मार्कर काढला,
पांढऱ्या पट्टीचे आठ तुकडे फाडले,
एकेका कप्प्यावर आकडा.
पहिल्यावरचं शून्य
तिने जरा मोठंच काढलं,
माझ्याकडे न बघता.